मामाची प्लेट गंजली का? चेहऱ्यातल्या धातूंचा थोडा इतिहास



"आगं, तू त्या धातूंचंच शिकतीस ना? मग बघ बरं, ही गंजली का काय?"

माझ्या मामाने हे विचारलं तेव्हा त्याच्या तळहातावर एक छोटी पट्टी होती. चार भोकं, लांबी बोटाच्या एका पेराएवढी, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. मामा मावळातल्या आमच्या गावातून मोटरसायकलवर कॅन बांधून तळेगावला दूध घालायचा. एका जुलैमध्ये कामशेतजवळ जुन्या हायवेवर गाडी घसरली आणि त्याचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. पुण्यातल्या एका रुग्णालयात जबड्यात प्लेटा बसवल्या. "टायटॅनियम आहे, गंजत नाही, आयुष्यभर राहू द्या," असं सांगितलं होतं. सात वर्षांनी एका बाजूला सूज आली. एक स्क्रू सैल झालेला निघाला. प्लेट काढली तेव्हा भोवतालचं मांस काळपट पडलेलं होतं. डॉक्टरांनी प्लेट धुऊन, पुडीत घालून मामाला दिली.

मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय धातूंचा पृष्ठभाग. तरी मला उत्तर देता आलं नाही. "टायटॅनियमला गंज येत नाही" हे पुस्तकातलं वाक्य माझ्या तोंडावर होतं, आणि काळ्या मांसाबद्दल मामा जे सांगत होता तेही खोटं नव्हतं. या दोन्हींचा मेळ लावायला मी जुने पेपर वाचायला लागले आणि वाचता वाचता थेट सोळाव्या शतकात जाऊन पोचले. आजचा लेख त्या वाचनाचा. तुमच्यातले बरेच जण पेटची तयारी करतायत, विषय शोधतायत. माझ्या विषयाचा इतिहास मला आधी कोणी सांगितला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं, म्हणून लिहिते आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. लोणावळ्याकडे राहणाऱ्याला गंज म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खिडकीचे गज दर दिवाळीआधी पॉलिश पेपरने घासून रंगवावे लागतात. (आमच्या भागातल्या किल्ल्याचं नाव लोहगड, पण उभा आहे तो काळ्या पाषाणावर. लोखंडाचा असता तर एव्हाना संपला असता.) पण गंज हा शब्द आपण लोखंडापुरता वापरतो. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं तर आजी म्हणायची, कळकलं. म्हणजे आंबटाने धातूचा अंश पदार्थात उतरला. त्यावर उपाय म्हणून कल्हई. पुस्तकी मराठीत या सगळ्याला मिळून क्षरण म्हणतात: धातूचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात आणि भोवतालच्या द्रवात जातात. कधी ते लाल पापुद्रा होऊन दिसतात, कधी हिरवे डाग होऊन, आणि कधी काहीच दिसत नाही. ही तिसरी तऱ्हा सगळ्यात फसवी. मामाच्या प्रश्नातली खरी अडचण ही की तो लाल रंग शोधत होता.

हिरव्या डागांची गोष्ट आधी सांगते, कारण चेहऱ्यावरच्या धातूचा इतका चांगला जुना पुरावा दुसरा मला माहीत नाही. टायको ब्राहे हा डॅनिश खगोलशास्त्रज्ञ. 1566 मध्ये रॉस्टॉक इथं तलवारीच्या द्वंद्वात त्याच्या नाकाचा वरचा भाग कापला गेला. पुढे आयुष्यभर त्याने धातूचं नाक लावलं. ते सोन्याचांदीचं होतं असं त्याच्या काळापासून सांगितलं जायचं आणि पुढे पुस्तकांतून छापलंही गेलं. 1601 मध्ये तो प्रागमध्ये वारला. 1901 मध्ये त्याची कबर उघडली तेव्हा नाकाच्या हाडाभोवती हिरवट डाग दिसले. सोनं तर हिरवं पडत नाही! 2010 मध्ये कबर पुन्हा उघडली गेली, हाडाचा छोटा नमुना तपासला आणि 2012 मध्ये निष्कर्ष आला: तांबं आणि जस्त, जवळपास सारख्या प्रमाणात. म्हणजे पितळ. नाक स्वतः कबरीत सापडलंच नाही. सापडलं ते त्याचं क्षरण, हाडात मुरलेलं. आजीच्या भाषेत, नाक कळकलं होतं. चारशे वर्षं सांगितली गेलेली सोन्याची गोष्ट दोन डागांनी मोडली. वस्तू हाती नसताना तिच्या क्षरणातून ती ओळखता येते, हे त्या वाचनातून मी पहिल्यांदा उचललं.

नाकावरून पुण्याकडे यायलाच हवं. 1792 च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज फौजेच्या सामानाचे बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात तोडला. (नाव पारशी वाटतं, पण इंग्रजी वृत्तांतात तो मराठा, शेतकरी जातीचा असल्याचं लिहिलंय.) साधारण वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबईचे दोन इंग्रज वैद्य, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचा वृत्तांत चित्रासह छापून आला. चित्राचं मूळ जेम्स वेल्स या चित्रकाराचं.

वृत्तांतातली पद्धत सविस्तर आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. त्या रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे ती जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त येत राहतं. मग ती पिळून खाली वळवायची. टाके नाहीत. काताचा लेप कापडाच्या पट्ट्यांवर घेऊन पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास मधला जोड कापायचा. हा मजकूर वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने वीस वर्षं तयारी केली, 1814 मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये पुस्तक छापलं. आजही प्लास्टिक सर्जरीत कपाळाच्या या झडपेला भारतीय पद्धत म्हणतात.

मला यात रस वाटतो तो दुसऱ्या कारणाने. या अख्ख्या कृतीत आत राहणारा धातू एक ग्रॅमही नाही. वापरलेलं सगळं एकतर त्या माणसाचंच आहे, नाहीतर चार दिवसांत काढून टाकायचं आहे. पुण्याजवळच्या त्या कारागिराला क्षरणाचा प्रश्न पडलाच नाही. पण कातडी नाक झाकू शकते, मोडलेला जबडा धरून ठेवू शकत नाही. हाडाला ताठ आधार लागतो, तो आठवडेच्या आठवडे हलता कामा नये, आणि तोंड तर खाण्या-बोलण्याला हलणारच. या एका गरजेपोटी माणसाने चेहऱ्यात धातू घातला आणि तिथून पुढची दोनशे वर्षं तो धातू कोणता असावा याचा शोध चालू राहिला.

1829 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाच्या हेन्री लेव्हर्टने कुत्र्यांच्या शरीरात प्लॅटिनम, सोनं, चांदी आणि शिसं यांच्या तारा घालून पाहिल्या. सर्वांत कमी त्रास प्लॅटिनमने दिला. प्रयोग चांगला, पण जबडा बांधायला तो धातू महाग आणि मऊ. शिवाय त्या काळी दुसरी मोठी अडचण होती, आणि संशोधन करू पाहणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी असं मला वाटतं. लिस्टरची जंतुनाशक पद्धत 1867 नंतर पसरली. त्याआधी कुठलीही जखम चिघळायचीच. मग धातूभोवती पू झाला तर दोष जंतूंचा की धातूचा, हे ठरवायचं कसं? दोन कारणं एकमेकांत इतकी मिसळलेली होती की धातूबद्दलचा कुठलाही निष्कर्ष पक्का नव्हता. जंतू बाजूला काढता आले तेव्हाच क्षरण हा वेगळा प्रश्न म्हणून दिसायला लागला. तुमच्या विषयातही अशी एखादी जोडी लपलेली असेल; प्रस्ताव लिहिण्याआधी ती शोधा.

1886 मध्ये हॅम्बुर्गच्या हान्समानने हाडाला स्क्रूने प्लेट बसवण्याची पद्धत छापली. प्लेट निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची, आणि स्क्रूचे दांडे कातडीच्या बाहेर डोकावणारे, म्हणजे नंतर काढायला सोपे. (पंक्चर काढून झाल्यावर टायरबाहेर खिळा तसाच ठेवावा तसं दिसत असणार.) 1890 च्या दशकात लंडनचा आर्बथनॉट लेन साध्या पोलादाच्या प्लेटा पूर्ण आत ठेवायला लागला. स्वच्छतेबाबत तो कमालीचा कडक, बोटांनी जखमेला स्पर्शही करायचा नाही. तरी प्लेटा गंजायच्या आणि पुष्कळदा काढाव्या लागायच्या. 1912 मध्ये पिट्सबर्गच्या शेर्मनने व्हॅनेडियम पोलाद आणलं. मजबुती वाढली, गंज गेला नाही. या तिघांच्याही प्लेटा मुख्यतः हातापायांच्या हाडांसाठी होत्या हे खरं, पण चेहऱ्याकडे धातू आले ते याच वाटेने.

यातली मला सगळ्यात आवडणारी फजिती बेल्जियमच्या लाम्बोटची. 1907 च्या सुमारास त्याने मोडलेल्या पायाच्या नडगीवर मॅग्नेशियमची प्लेट बसवली आणि ती पोलादाच्या खिळ्यांनी ठोकली. आठ दिवसांत प्लेट विरघळून गेली आणि कातडीखाली वायू साचला. तुम्ही बारावीला विद्युत-घट शिकलात ना? दोन वेगळे धातू, मधे मिठाचं पाणी. इथे मिठाचं पाणी म्हणजे रुग्णाचं रक्त. मॅग्नेशियम आयन होऊन सुटलं, पोलादापाशी हायड्रोजन निघाला. लाम्बोटने नकळत माणसाच्या पायात बॅटरी बनवली होती.

तरीही शरीरातलं क्षरण ही विद्युत-रासायनिक गोष्ट आहे हे शल्यचिकित्सकांच्या गळी उतरायला पुढची तीस वर्षं गेली. 1924 मध्ये झीरोल्डने वेगवेगळे धातू हाडाशी लावून कोण काय करतो ते मांडलं: लोखंड आणि पोलाद लवकर विरघळतात, तांब्यासारखे धातू भोवतालचं मांस रंगवतात, सोनं-चांदी सोसतात पण कमकुवत. मग 1937 मध्ये टेक्ससच्या व्हेनेबल, स्टक आणि बीच यांचा पेपर आला. त्यांनी कारण सरळ सांगितलं: शरीरातला द्रव हा इलेक्ट्रोलाइट आहे, आणि धातूंमधून वाहणारा सूक्ष्म प्रवाह हाड खातो. त्यांना सर्वांत शांत दिसला तो कोबाल्ट-क्रोमियमचा एक मिश्रधातू, व्यापारी नाव व्हायटॅलियम. हा मिश्रधातू त्यांच्याकडे आला होता दंतवैद्यांकडून; कवळ्यांच्या सांगाड्यांसाठी तो आधीच वापरात होता. तोंडात कळकत नाही तो हाडातही कळकणार नाही, असा हा हिशोब. माझ्या मते या विषयाचा खरा जन्म 1937 चा. त्याआधीचं सगळं म्हणजे करून बघितलं, जमलं नाही.

याच दरम्यान स्टेनलेस स्टील आलं होतं. जर्मनीत क्रुपचं पेटंट 1912 चं, शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीचं पोलाद 1913 चं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्टेनलेस स्टील, कोबाल्ट-क्रोमियम, टायटॅनियम हे 'न गंजणारे' धातू स्वभावाने थंड नाहीत. उलट टायटॅनियम तर ऑक्सिजनसाठी इतकं हपापलेलं की हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. तो थर मात्र घट्ट आणि अखंड, आणि तोच पुढचं क्षरण अडवतो. जाडी काही नॅनोमीटर. केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर धरा, म्हणजे अंदाज येईल. आजीची कल्हई कल्हईवाला वरून लावायचा. ही कल्हई धातू स्वतःची स्वतः लावतो, आणि ओरखडा पडला तर पुन्हा लावतो. शरीरात धातू टिकतो तो या पापुद्र्याच्या जिवावर.

आता हा पापुद्रा कशाने मोडतो? स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत क्लोराइडने. रक्तातल्या पाण्यात क्लोराइडचं प्रमाण समुद्राच्या साधारण एक पंचमांश. त्यातही सगळ्यात वाईट जागा म्हणजे स्क्रूचं डोकं आणि प्लेटचं भोक यांमधली फट. तिथला ऑक्सिजन संपतो आणि बाहेरून नवा लवकर पोचत नाही, म्हणजे पापुद्रा दुरुस्त व्हायला कच्चा माल नाही. सुटलेले आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात, भार सांभाळायला क्लोराइड आत ओढला जातो, आणि फट स्वतःच स्वतःला पोखरत जाते. बाहेरून प्लेट चकचकीत, डोक्याखाली खड्डे. म्हणून पुढे मॉलिब्डेनम घातलेलं आणि कार्बन कमी केलेलं 316एल आलं. सुधारलं, तरी फटीतलं क्षरण पूर्ण थांबलं नाही.

टायटॅनियम या दोघांच्या पुढचं. 1940 मध्ये बोथ आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मांडीच्या हाडात ते घालून पाहिलं. हाड त्याला खेटून वाढलं. 1951 मध्ये लेव्हेन्थलने ते शस्त्रक्रियेसाठी सुचवलं. स्वीडनच्या ब्रोनेमार्कने 1952 च्या सुमारास सशाच्या पायात टायटॅनियमचा कक्ष बसवला होता, रक्ताभिसरण बघायला. काढायला गेला तर हाड सोडेना! 1965 मध्ये त्याने पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. म्हणजे टायटॅनियमला मान मिळाला तो चेहऱ्यातच.

मोडलेल्या जबड्याच्या प्लेटांचं वळण वेगळं. 1968 मध्ये जर्मनीच्या लुर यांनी व्हायटॅलियमची, हाडाची टोकं एकमेकांवर दाबणारी प्लेट आणली. 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये मिशले आणि मग स्ट्रासबुर्गचे शांपी यांनी उलटा विचार केला. चावताना जबड्याच्या ज्या रेषेवर ताण पडतो त्याच रेषेवर प्लेट बसवली, तर ती बारीक असली तरी चालते आणि तोंडाच्या आतूनच बसवता येते, गालावर व्रण राहत नाही. मामाच्या तळहातावर होती ती याच कुळातली.

आता बघा, इथे काय झालं. प्लेट बारीक केली, म्हणजे ती थोडी वाकते. तोंडातून बसवली, म्हणजे लाळ आणि तोंडातले जंतू जवळ आले. आणि जबडा दिवसातून हजारो वेळा हलतो. स्क्रूचं डोकं प्लेटच्या भोकात केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने पुढेमागे घासत राहतं. याला फ्रेटिंग म्हणतात. दर घासण्याला तो काही नॅनोमीटरचा पापुद्रा खरवडला जातो, उघडं टायटॅनियम क्षणात नवा पापुद्रा करतं, आणि दर वेळी थोडा धातू खर्ची पडतो. खरवडलेले कण मांसात जातात. टायटॅनियम मजबूत असलं तरी घर्षणाला लेचंपेचं आहे. काढलेल्या प्लेटांभोवतीच्या काळपट ऊतींत टायटॅनियमचे कण सापडल्याचं अनेक अभ्यासांत आलंय, जवळच्या लसिकाग्रंथींतही. त्यात सूज असेल तर तिथला पीएच घसरतो. आणि आंबट जागी फ्लोराइड असेल, जो आपल्या टूथपेस्टमध्ये असतोच, तर त्यातून तयार होणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल टायटॅनियमचा ऑक्साइडही विरघळवू शकतं.

म्हणजे 'टायटॅनियम गंजत नाही' हे वाक्य खरं आहे, पण ते स्वस्थ पडून असलेल्या टायटॅनियमबद्दल. झीज आणि क्षरण वेगवेगळी मोजली तर दोन्ही नगण्य वाटतात. एकत्र आली की दर फेरीला झीज पापुद्रा काढते आणि क्षरण उघडा धातू खातं, आणि एकूण नुकसान दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं.

माझं पहिलं वर्ष वाया गेलं ते नेमकं इथे. मी टायटॅनियमचे चौकोनी तुकडे हँक्सच्या द्रावणात, 37 अंशांवर, महिनोन् महिने बुडवून ठेवले होते. दर आठवड्याला विद्युत-मापन करायचं, वहीत आकडे लिहायचे. प्रवाह इतका कमी की उपकरणाच्या गोंगाटात हरवायचा. मी खूश, मार्गदर्शकही खूश. धातू उत्तम! पण माझ्या बीकरमध्ये कोणी चावत नव्हतं. स्क्रू नव्हता, फट नव्हती, लाळ नव्हती, जंतू नव्हते. मामाच्या प्रश्नानंतर मी ती वही पुन्हा उघडली आणि सगळी मांडणी बदलली: घासणारी पिन, मधे द्रावण, आणि घासत असतानाच मोजमाप. पिन सुरू केली की प्रवाहाचा आलेख एकदम उसळतो आणि थांबवली की काही क्षणांत खाली येतो. ती उसळी पहिल्यांदा पडद्यावर दिसली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि माझी लोणावळा लोकल सुटली होती.

झीज दुर्लक्षित केली तर काय होतं याचं एक उदाहरण चेहऱ्यातच आहे, धातूचं नसलं तरी. 1980 च्या दशकात अमेरिकेत जबड्याच्या सांध्यात टेफ्लॉनचा थर असलेले रोपण बसवले गेले. रासायनिकदृष्ट्या टेफ्लॉन इतकं निष्क्रिय की तव्यावर लावतात. पण सांध्यात ते झिजलं, कणांचा चुरा झाला, शरीराच्या पेशी त्या चुऱ्यावर तुटून पडल्या आणि त्यात शेजारचं हाडही गेलं. अखेर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या औषध प्रशासनाने ते मागे घ्यायला लावले. पदार्थ निष्क्रिय होता, त्याचा चुरा नव्हता.

मग प्लेट काढायची की ठेवायची? यावर जगात एकमत नाही. मध्य युरोपात पूर्वी हाड जुळल्यावर प्लेट काढायची रीत होती. बऱ्याच ठिकाणी आज त्रास नसेल तर ठेवतात, कारण काढणं म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा चीर. मला विचाराल तर त्रास नसलेल्या माणसाला निव्वळ काळ्या कणांच्या भीतीने टेबलावर झोपवू नये. ते कण दीर्घकाळात काही बिघडवतात असं ठामपणे दाखवणारा पुरावा मी वाचलेला नाही. पण 'गंजत नाही' हे दोन शब्द रुग्णाला सांगताना मागे 'सहसा' तरी जोडावं. आणि आता मजा बघा: लाम्बोटचं मॅग्नेशियम परत आलंय. हाड जुळेपर्यंत टिकावं आणि मग स्वतःहून विरघळून जावं, अशा प्लेटांवर काम चालू आहे. त्याचा आठ दिवसांचा वेग काही महिन्यांपर्यंत कसा लांबवायचा हा तिथला मुख्य प्रश्न. क्षरण शत्रू धरून दोनशे वर्षं गेली आणि आता लोक त्याच्याकडूनच काम करून घ्यायला बघतायत. विषय शोधत असाल तर इथे अजून पुष्कळ जागा आहे.

मामाची प्लेट माझ्या प्रबंधात नाही, हेही सांगून टाकते. एकच नमुना, कशाने धुतला ते माहीत नाही, नैतिकता समितीची परवानगी नाही. असा पुरावा घेत नाहीत. पण कुतूहल म्हणून एका रविवारी मी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पट्टीचा बाहेरचा भाग करड्या रंगाचा, मंद, जसा कारखान्यातून आला असेल तसा. चारपैकी तीन भोकंही तशीच. चौथ्या भोकाच्या आत, जिथे स्क्रूचं डोकं टेकतं तिथे, अर्धचंद्रासारखी एक चकचकीत पट्टी होती आणि तिच्या कडेला बारीक काळी धूळ बसली होती. सैल झालेला स्क्रू तिथलाच.

मामाला फोनवर सगळं सांगितलं. पापुद्रा, घासणं, कण, सगळं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे गंजली न्हाई, झिजली." मी म्हटलं, दोन्ही थोडं थोडं, मामा. त्यावर तो म्हणाला, बैलगाडीच्या आऱ्याचंही असंच असतं, आणि प्लेट परत कधी आणतेस ते विचारलं.